सुटे होणारे घर, जोडले जाणारे घर

आपल्या मंडळाच्या गणपतीत, कोजागिरीला, अगदी पॉटलकच्या रांगेतसुद्धा हल्ली एक विषय हमखास निघतो. मागच्या अंगणातले छोटे घर! मॅसॅच्युसेट्समध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये परवडणाऱ्या घरांचा कायदा झाला आणि २ फेब्रुवारी २०२५ पासून राज्यातल्या बहुतेक गावांत, एका कुटुंबाच्या घराच्या आवारात, जास्तीत जास्त ९०० चौरस फुटांचे दुसरे घर बांधायला झोनिंगची खास परवानगी लागेनाशी झाली. (मूळ घर लहान असेल तर त्याच्या निम्म्या क्षेत्रफळाची मर्यादा आहे, हे आपल्यातल्या उत्साही मंडळींनी वाचलेले बरे.) कुणाला ते आई-बाबांसाठी हवे आहे, कुणाला भाड्यासाठी, आणि एकदोघांना, नावे सांगत नाही, 'होम ऑफिस' या सबबीखाली तबल्यासाठी.

या चर्चेत तीन शब्द सारखे कानावर येतात. घर मॉड्यूलर असावे, ते सस्टेनेबल असावे, आणि त्याला थोडी पौर्वात्य परंपरेची झाक असावी. मधे अंगण असलेली जुनी चिनी घरे किती निसर्गाला धरून होती, त्यांवरून स्फूर्ती घेऊन आजची कारखान्यात बनणारी घरे कशी करता येतात, यावर बोलणारी माणसे आता वास्तुकलेच्या वर्गाबाहेरही भेटतात. मी वास्तुकार नाही. इथे एम. एस. करायला आलो आणि तेव्हापासून सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. मॉड्यूल, इंटरफेस, प्लग-इन हे शब्द म्हणजे माझी रोजची भाजी-भाकरी. त्यामुळे दुसऱ्या धंद्यातल्या माणसाने ते वापरले की माझे कान टवकारतात.

सुदैवाने या विषयाची परीक्षा घ्यायला बीजिंगला जावे लागत नाही. दोन घरे आपल्या दाराशी येऊन गेली. एक सेलमच्या पीबडी एसेक्स म्युझियममध्ये कायमचे उभे आहे. दुसरे २०१८ साली बॉस्टनच्या सिटी हॉल प्लाझावर काही दिवस उभे होते. पहिले सुमारे दोनशे वर्षे जुने, दुसरे त्याच वर्षी जोडलेले. एका माणसाने दोन्ही पाहिली तर 'चिनी परंपरेतून स्फुरलेले मॉड्यूलर घर' या शब्दांत नेमके काय भरले आहे ते उघड होते, असे मला वाटते.

आधी सेलमचे. त्याचे नाव यिन यू थांग, म्हणजे साधारण 'भरपूर आसऱ्याचे दालन'. आनह्वे प्रांताच्या दक्षिण भागातल्या हुआंग-त्सुन या खेड्यात, इ. स. १८०० च्या सुमारास, हुआंग आडनावाच्या एका व्यापारी कुटुंबाने ते बांधले. दुमजली, सोळा शयनगृहे, समोरासमोर दोन ओळी आणि मधे उघडे अंगण. हा भाग जुन्या ह्वेजोव प्रदेशातला. डोंगराळ, शेतजमीन थोडी. म्हणून तिथले पुरुष कोवळ्या वयातच व्यापारासाठी परमुलखात जात, शांघायसारख्या दूरच्या शहरांत आयुष्य काढत आणि पैसे घरी पाठवत. घरात राहत त्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले. कर्ते पुरुष काही वर्षांनी कधीतरी सुट्टीवर येत. मंडळी, ओळखीचे वाटते ना? आपल्यापैकी कितीजणांनी पुण्याला, नाशिकला, साताऱ्याला फ्लॅट घेऊन ठेवले आहेत, ज्यांच्या किल्ल्या शेजारच्या काकूंकडे असतात!

हुआंग कुटुंब त्या घरात १९८० च्या दशकापर्यंत राहिले. मग घर ओस पडले. १९९६ साली कुटुंबाने ते विकायचे ठरवले त्याच सुमारास नॅन्सी बर्लिनर या संशोधिका तिथे पोचल्या आणि चिनी अधिकाऱ्यांशी रीतसर करार होऊन १९९७ मध्ये घर उतरवले गेले. अडीच हजारांहून अधिक लाकडी भाग आणि नऊशेहून अधिक दगड बोटीने इकडे आले. चीनमधले सुतार-गवंडी आणि इथले लाकडी सांगाड्याचे कारागीर यांनी मिळून ते पुन्हा उभारले आणि जून २००३ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले.

मला इथे थोडे रेंगाळायचे आहे, कारण सगळी गंमत 'उतरवले' या क्रियापदात आहे. आपण पाडले म्हणतो ते वेगळे. हे घर पाडावे लागले नाही. खांब दगडी तळखड्यावर नुसते टेकलेले, तुळईचे टोक तासून खांबाच्या खाचेत बसवलेले, ते हलू नये म्हणून पाचर किंवा खुंटी मारलेली. पाचर काढली की सांधा सुटतो. बाहेरची उंच पांढरी विटांची भिंत छपराचे वजन घेत नाही. तिचे काम आग, चोर आणि नजर अडवण्याचे. वजन सगळे लाकडी सांगाड्यावर. 'भिंत पडली तरी घर पडत नाही' अशी चिनी म्हणच आहे. शान्सी प्रांतातल्या यिंगश्यानचा लाकडी मनोरा १०५६ सालचा, सुमारे ६७ मीटर उंच, आणि इतके भूकंप पचवून तो अजून उभा आहे, त्याचे एक कारण हे सैल, किंचित हलू शकणारे सांधे. पुण्यातले जुने वाडे पाहिलेल्यांना लाकडी सांगाडा आणि त्यात भरलेली भिंत ही रीत अगदी परकी वाटणार नाही.

माझी आई एकदा उन्हाळ्यात इथे आली होती तेव्हा तिला मी हे घर दाखवायला नेले. हेडफोन लावून निवेदन ऐकण्याचा तिने साफ कंटाळा केला. मधल्या अंगणात उभी राहून वर आभाळाकडे बघत म्हणाली, "अरे, हा तर आपला चौकच की!" मग लगेच खाली बघून, "पण पावसाचं पाणी जातं कुठे?" प्रश्न अचूक होता. चिनी भाषेत या अंगणाला थ्येनजिंग म्हणतात, म्हणजे आभाळाची विहीर. चारही छपरांचा उतार आत असतो. ह्वेजोवचे व्यापारी पाणी म्हणजे लक्ष्मी मानत, म्हणून चारी बाजूंचे पाणी आपल्याच घरात यावे अशी रचना. ते खाली दगडी कुंडांत उतरते. बाहेरच्या भिंतीला खिडक्या जवळजवळ नाहीत, तेव्हा उजेड आणि हवा याच विहिरीतून. उन्हाळ्यात गरम हवा वर निघून जाते आणि खाली गारवा राहतो. हिवाळ्यात मात्र हे घर अतिशय थंड. लोक निखाऱ्यांच्या टोपल्या जवळ घेऊन बसत. जुने ते सगळे सोने म्हणणाऱ्यांनी जानेवारीत सेलमच्या अंगणात, कोट काढून, अर्धा तास उभे राहून दाखवावे.

आता मॉड्यूलकडे. चिनी बांधकामात मॉड्यूल म्हणजे खोका नव्हे, माप. सोंग राजवटीत ली जिए नावाच्या अधिकाऱ्याने 'यिंगझाओ फाशी' हा बांधकामाच्या नियमांचा ग्रंथ तयार केला. तो ११०० मध्ये पुरा झाला आणि ११०३ मध्ये छापला गेला. हेतू कलेचा नव्हता. सरकारी बांधकामात लाकूड आणि मजुरी किती लागते याचा ताळेबंद बसावा, मधल्या मधे खाबूगिरी होऊ नये, यासाठी तो होता. त्यामुळे त्यातला मोठा भाग अंदाजपत्रकाचा आहे. उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसाचे काम किती धरायचे, हिवाळ्यातल्या लहान दिवसाचे किती, हेसुद्धा त्यात आहे. आमच्या धंद्यात मॅन-डेचा हिशेब करताना हा सज्जन बरोबर असता तर किती प्रकल्प वाचले असते!

त्या ग्रंथाचा गाभा असा. लाकडाचा एक प्रमाण छेद धरायचा, त्याला त्साय म्हणतात. त्याची उंची पंधरा भाग, रुंदी दहा भाग. हा त्साय आठ प्रतींचा असतो. सर्वांत मोठ्याची उंची नऊ चिनी इंच, सर्वांत लहानाची साडेचार. इमारत किती मोठ्या मानाची त्याप्रमाणे प्रत ठरते आणि मग सांगाड्यातल्या प्रत्येक लाकडाचे माप त्या भागांत सांगितले जाते. तुळई इतके भाग, छपराखालचा ब्रॅकेट इतके भाग. प्रत बदलली की सगळी इमारत त्याच प्रमाणात लहान-मोठी होते. वेब-पेजेस बनवणाऱ्यांना हे लगेच कळेल. पिक्सेलऐवजी 'एम'मध्ये मापे दिली की अक्षराचा आकार बदलताच सगळे पान नीट आपोआप बसते, तसेच. सुताराला नकाशा लागत नाही. त्याला प्रत सांगितली की पुरे, आणि भाग वेगवेगळ्या ठिकाणी तासून आणले तरी जागेवर ते एकमेकांत बसतात.

हा ग्रंथ पुढे विस्मरणात गेला आणि १९१९ मध्ये नानजिंगच्या ग्रंथालयात त्याची हस्तलिखित प्रत सापडली. लिआंग सिचंग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वास्तुकला शिकत असताना वडिलांनी त्यांना पुनर्मुद्रित प्रत पाठवली. त्यांना तेव्हा तो फारसा कळला नाही, पण पुढचे सारे आयुष्य त्यांनी आणि त्यांच्या पत्नी लिन ह्वेयिन यांनी तो उलगडण्यात घालवले. मुलाचे नावसुद्धा ली जिएच्या नावावरून ठेवले. १९३७ मध्ये या दोघांनी शोधून काढलेले फोग्वांग मंदिराचे दालन ८५७ सालचे निघाले. (लिन ह्वेयिन यांना स्त्री म्हणून त्या विद्यापीठाने वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात प्रवेश दिला नव्हता. ती पदवी त्यांना २०२४ मध्ये, मृत्यूनंतर ६९ वर्षांनी, देण्यात आली. उशीर होण्याचीही काही प्रमाणबद्धता असावी!) या नवरा-बायकोचे बीजिंगमधले अंगणाचे राहते घर २०१२ मध्ये 'दुरुस्ती'च्या नावाखाली पाडण्यात आले. ज्यांनी देशाला त्याची जुनी घरे वाचायला शिकवली, त्यांचेच घर.

एक खुलासा आवश्यक आहे. यिन यू थांग हे खेड्यातल्या व्यापाऱ्याचे घर आहे. राजाज्ञेने निघालेला सोंग काळचा ग्रंथ त्याला जसाच्या तसा लागू नाही. त्या खेड्यातल्या सुतारांची मापे आणि रीती पिढीजात होत्या. पण विचार एकच. माप ठरलेले, भाग सुटे, सांधा उघडा. म्हणून दोनशे वर्षांत त्या घराचे एखादे कुजलेले लाकूड काढून दुसरे घालता येत होते, आणि म्हणूनच ते अख्खेच्या अख्खे अटलांटिकच्या काठावर येऊ शकले.

आता दुसरे घर, आणि त्यासाठी आधी बीजिंगच्या दाशिलार भागात डोकवायला हवे. थ्येनआनमेन चौकाच्या थोडे दक्षिणेला, छ्येनमेन रस्त्याच्या पश्चिमेला हा जुन्या गल्ल्यांचा, म्हणजे हुथोंगांचा भाग. इथली अंगणाची घरे मुळात एकेका कुटुंबाची. १९४९ नंतर एका घरात अनेक कुटुंबे आली. १९७६ च्या थांगशानच्या भूकंपानंतर लोकांनी अंगणात तात्पुरते आडोसे उभारले आणि ते कायमचे स्वयंपाकघर झाले. अंगण संपले, बोळ उरले. मालकी कुणाची, भाडेकरू कोण, कुठली भिंत कुणाची, याचा गुंता चाळीत राहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. संडास गल्लीच्या टोकाला, सार्वजनिक. हिवाळ्यात भिंतीतून वारा येतो. दुरुस्ती करायची तर शेजाऱ्याची भिंत हलते, म्हणून कुणीच काही करत नाही. तरुण बाहेरच्या टॉवरमध्ये जातात, म्हातारे राहतात आणि गल्ली हळूहळू संपते, किंवा बुलडोझर येऊन एका झटक्यात संपते. शेजारचाच छ्येनमेन रस्ता २००८ च्या ऑलिम्पिकसाठी जुन्या तोंडावळ्याचा 'नवा' करून उघडला गेला, तेव्हा तिथे राहणाऱ्या माणसांचे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे.

याच्यावर उपाय म्हणून पीपल्स आर्किटेक्चर ऑफिस या बीजिंगच्या संस्थेने (ह झ, जेम्स शेन आणि झांग फंग या तिघांनी २०१० मध्ये ती काढली) २०१३-१४ च्या सुमारास 'कोर्टयार्ड हाऊस प्लग-इन' आणले. कल्पना साधी आहे. जुने घर पाडायचे नाही, दुरुस्तही करायचे नाही. त्याच्या आत दुसरे घर बसवायचे. कारखान्यातून आलेले पॅनेल, ज्यात उष्णता अडवणारा थर, आतला आणि बाहेरचा पृष्ठभाग सगळे एकाच तुकड्यात साच्यातून आलेले. पॅनेलच्या कडेला कुलूप. ते एका षट्कोनी किल्लीने फिरवायचे, जी आपण सर्वांनी आयकियाचे कपाट जोडताना हरवलेली आहे. तीन-चार अननुभवी माणसे एका दिवसात घर उभे करतात. शेजाऱ्याच्या भिंतीला हात लागत नाही, म्हणून त्याची संमती लागत नाही. सांडपाण्याची लाइन नसेल तिथे खत बनवणारा संडास.

सॉफ्टवेअरच्या माणसाला हे पाहून हसू येईल, कारण आम्ही हेच करतो. बँकेत चाळीस वर्षांपूर्वीची कोबॉलची प्रणाली असते. तिला कुणी हात लावत नाही, कारण तिच्यातली कुठली ओळ कुणाच्या पगाराला बांधलेली आहे ते सांगता येत नाही. मग तिच्याभोवती नवे आवरण चढवायचे आणि ग्राहकाला छान स्क्रीन दाखवायचा. दाशिलारमधला प्लग-इन नेमके तेच करतो, आणि मला यात त्याचे खरे मोठेपण दिसते. त्याने कायद्याचा आणि मालकीचा गुंता सोडवला नाही, त्याला वळसा घातला. त्यामुळे म्हातारी माणसे आपल्या गल्लीत राहू शकली. २०१६ मध्ये याच वास्तुकारांनी हुथोंगमध्ये लहानपण गेलेल्या एका तरुणीसाठी असेच घर केले. रोजचा लांबचा प्रवास टाळून तिला जुन्या गल्लीत परतायचे होते. शहरातल्या सर्वसाधारण अपार्टमेंटच्या तिसाव्या हिश्श्यात ते झाले, असे वास्तुकारांचे म्हणणे.

हे किती अवघड आहे हे कळण्यासाठी एक जुना प्रयोग आठवावा. लिआंग सिचंग यांचे सहकारी वू लियांगयोंग यांनी बीजिंगच्याच ज्यूअर हुथोंगमध्ये मोडकळीला आलेल्या अंगणांच्या जागी दोन-तीन मजली नवी अंगणे बांधली. १९९२ चा वर्ल्ड हॅबिटॅट पुरस्कार त्याला मिळाला, आणि काम देखणे होते यात शंका नाही. पण मूळ रहिवाशांपैकी पुष्कळ जण परतले नाहीत. परंपरेचा आकार टिकला, त्या आकारात राहणारी माणसे बदलली. प्लग-इनमध्ये दिसायला चिनी असे काहीच नाही. ना वळणदार छप्पर, ना कोरीव जाळी. पांढऱ्या फ्रीजसारखा डबा आहे तो. तरीही माणसे टिकवण्याच्या बाबतीत मी त्याला ज्यूअर हुथोंगपेक्षा जास्त मार्क देईन.

मग तक्रार कुठे आहे? पॅनेलमध्ये.

खाचेच्या सांध्यात दोन भाग वेगळे राहतात, म्हणून एक खराब झाला तर एकच बदलतो. प्लग-इनच्या पॅनेलमध्ये आतला पृष्ठभाग, बाहेरचा पृष्ठभाग आणि मधला थर हे तिघे कायमचे एकजीव झालेले आहेत. पॅनेल एकमेकांपासून सुटतात, हे कबूल. एक पॅनेल काढून दुसरे बसवता येते. पण दुसरे पॅनेल त्याच कारखान्यातून, त्याच साच्यातून यायला हवे. ली जिएचे माप कुठल्याही सुताराला माहीत होते. हे कुलूप एका कंपनीचे आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर जुना सांधा ओपन स्टँडर्ड होता आणि नवा प्रोप्रायटरी आहे. कारखाना बंद पडला तर? साचा बदलला तर? आणि शेवटी पॅनेल निकामी झाले की त्या एकजीव थरांचे करायचे काय? लाकूड सरपणाला जाते, माती मातीत जाते. हे कुठे जाईल? 'सस्टेनेबल' हा शब्द या घरांना लावताना लोक जोडायला लागणारा वेळ आणि हिवाळ्यात वाचणारी वीज मोजतात. दोन्ही खरे आहे. तिसावे वर्ष कुणी मोजत नाही.

दुसरी शंका आवरणाची. बँकेचा माझा अनुभव असा, की एकदा सुंदर आवरण चढले की आतल्या जुन्या प्रणालीच्या दुरुस्तीला कधीच बजेट मिळत नाही. स्क्रीन छान चालतो आहे ना, मग कशाला? दाशिलारमध्येही जुन्या घराचे छप्पर प्लग-इनच्या डोक्यावर आहेच. कौलातून पाणी झिरपून वासा कुजायला लागला तर आधी आतल्या माणसाच्या उशीवर थेंब पडायचा आणि तो उठून शिडी लावायचा. आता थेंब डब्यावर पडतो आणि तो झोपलेला राहतो.

आता बॉस्टन. २०१८ मध्ये शहराच्या हाउसिंग इनोव्हेशन लॅबच्या पुढाकाराने हेच प्लग-इन हाऊस सिटी हॉल प्लाझावर उभारले गेले. शहरातल्या घरांच्या टंचाईवर मागच्या अंगणातले छोटे घर हा एक उपाय होऊ शकतो, हे लोकांना दाखवण्यासाठी. घर हलके, उजळ आणि आत पाऊल टाकताच वाटते त्यापेक्षा मोठे. लोक भिंतीवर टकटक करून पाहत. (भिंतीवर टकटक करून घराची परीक्षा घेण्याची सवय केवळ आपलीच नाही, हे पाहून बरे वाटले.) पण चौकाच्या विटांवर एकटे उभे असलेले ते घर पाहताना काहीतरी चुकल्यासारखे वाटते. प्लग-इन, पण कशात? बीजिंगमध्ये त्याला सॉकेट होते: जुने घर, शेजारी, गल्ली, भांडण. तिथे त्याचा प्रत्येक इंच कुणाशी तरी समझोता करून ठरला होता. इथे तो स्वतंत्र खोका झाला. दुसरे म्हणजे अंगणच नाही. चिनी घराचे अंगण ही शोभा नव्हती, तिथून हवा, उजेड, पाणी आणि माणसे यांची ये-जा होती. आपल्या उपनगरांत घर मधे आणि अंगण सभोवार असते. नेमके उलटे. मागच्या लॉनच्या कोपऱ्यात डबा ठेवला की दोन घरांमध्ये जे पडते ते अंगण नसते, अंतर असते. तोच डबा मूळ घराशी काटकोनात, एक पडवी मधे घेऊन बसवला तर तीन बाजूंचा का होईना चौक तयार होतो. त्याला एक डॉलरही जास्त लागत नाही. लागतो तो जागेवर येऊन विचार करणारा माणूस, आणि तो कारखान्यातून येत नाही.

उंच इमारतींच्या मॉड्यूलर कर्तबगारीबद्दल मी इथे फार लिहीत नाही. छांगशा शहरात २०१५ मध्ये एका कंपनीने ५७ मजले १९ दिवसांत चढवले. व्हिडिओ पाहायला मजा येते. त्यात चिनी परंपरेचे नाव घेण्यासारखे काही नाही, आणि कंपनीही तसे म्हणत नाही, हा तिचा प्रामाणिकपणा.

जुन्या सांध्याच्या जवळ जाणारे उदाहरण मला भलत्याच ठिकाणी सापडले. लंडनमध्ये २०११ साली सुरू झालेला विकीहाऊस हा प्रकल्प. यात प्लायवूडचे भाग संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर कापतात, ते एकमेकांच्या खाचांत बसतात, पाचरीने आवळतात, आणि आराखडे सर्वांसाठी खुले आहेत. खाच-पाचरीची स्फूर्ती त्यांनी पूर्व आशियातल्या, विशेषतः कोरियाच्या जुन्या लाकूडकामातून घेतल्याचे सांगितले आहे. कुठल्याही गावातले कटिंग मशीन चालेल, कंपनी नको. प्लायवूडलाही डिंक लागतो, तेव्हा तेही निर्दोष नाही. पण इथे परंपरेतून घेतली ती गोष्ट दिसणारी नाही, कामाची आहे.

सेलमच्या घराबद्दलही एक गोष्ट सांगायची राहिली. ते फार जपून ठेवले आहे. शांघायहून आणलेला वॉलपेपर, साम्यवादी काळात घरात लावलेला कर्णा, पत्रे, भांडी. पण तिथे कुणी राहत नाही. रात्री म्युझियमला कुलूप लागते. सांधे इतके उत्तम होते, म्हणून घर समुद्रापलीकडे येऊ शकले. माणसे त्याआधीच निघून गेली होती. दाशिलारमध्ये सांधे सामान्य आहेत आणि रात्री खिडकीत दिवा असतो. मला एकाच घरात दोन्ही हवे आहे आणि ते अजून कुणी दिलेले मी पाहिलेले नाही.

आमच्याकडेही आई-बाबांसाठी मागच्या अंगणातल्या घराचा विचार चालू आहे, म्हणून गेल्या हिवाळ्यात मी एका मॉड्यूलर घरांच्या कंपनीच्या प्रतिनिधीला भेटलो. माहितीपत्रक गुळगुळीत, माणूस गोड. बसवायला किती दिवस, वीज किती वाचेल, हे त्याला तोंडपाठ. मी विचारले, "पंधरा वर्षांनी बाथरूमशेजारचे एक पॅनेल कुजले तर शेजारची न हलवता ते काढता येईल का? आणि तुमची कंपनी तेव्हा नसेल तर इथल्या सुताराला ते करता येईल का?" तो म्हणाला, वॉरंटी दहा वर्षांची आहे. मी म्हटले, वॉरंटी नको, सांध्याचा आडवा छेद पाठवा. दोन पॅनेल कोपऱ्यात कशी भेटतात तेवढाच. त्याने डायरीत लिहून घेतले आणि सोमवारी पाठवतो म्हणाला. त्यानंतर त्यांच्याकडून रंगांचे नमुने आले, फायनान्सिंगचे तीन पर्याय आले, थँक्सगिव्हिंगची सवलत आली. छेद आलेला नाही.